शेवटची दोन अक्षरं

वडगावात दुपारी साडेतीनला लाइट गेली
आणि गल्लीतले माग एकदम गप्प झाले.
त्या गप्पपणात दिसलं मला,
वैजनाथच्या मोबाइलची पाठ फुगलीय
तव्यावरच्या फुलक्यासारखी, टम्म.
काच एका कोपऱ्यातून उचललेली.
हाताला कोमट.
रात्रभर चार्जरला होता, उशीखाली.

माझ्या हातात सुई होती.
पदराला गोंडे करते मी, साडीमागं साठ रुपये,
सुई सुटते ती फक्त जेवताना.

आणि येळ्ळूरच्या भावकू दिरांनी
त्याच आठवड्यात पाठवलेलं:
बॅटरी फुगल्यास घाबरू नये.
बारीक सुईने टोचा, गॅस निघून जाईल.
अग्निशामक दलाची सूचना. सर्वांना कळवा.
खाली लाल बंब, आणि जोडलेले हात, तीनदा.
तारीख नाही. कुणाचं नाव नाही.
पण बंब होता की!
बंबाला कोण विचारतंय, तू खरा काय म्हणून?

मागचं झाकण नखानं काढलं.
सुई टेकवली.
खोटं कशाला सांगू, टेकवली.

तेवढ्यात वास आला,
नेलपेंटच्या बाटलीसारखा, गोडसर.
घरात नेलपेंट लावणारं कोण नाही.

भिंतीवरनं हाक मारली, निंगव्वा, जरा ये ग.
तिच्याकडं तोच बंब, तेच तीन हात,
अक्षरं मात्र कन्नड.
मी कन्नड बोलते बाजारापुरती,
भाजीचा भाव, सुताचं माप, बसचा नंबर.
वाचायला गेले की सगळी जिलेबी.
ती ओळीखाली बोट ठेवून वाचत गेली आणि थांबली.
चुच्चबेडि.
टोचा नव्हं ग. टोचू नका.

आमच्याकडं बेडी हातात पडते.
त्यांच्याकडं ती शब्दाच्या शेवटी असते
आणि हात धरते.
मराठी करताना कुणाच्या तरी घाईत
तेवढी दोनच अक्षरं गळाली.
माणसानं केलं का मशीननं, कुणास ठाऊक.

म्हटलं, निंगव्वा, पण तुझं तरी खरं कशावरनं?
बंब तर एकच आहे दोघींचा.
ती रागावली नाही. म्हणाली, फोन लाव.

स्टेशनातला माणूस आधी कन्नडमध्ये बोलला,
माझी अडखळ ऐकून मराठीत आला.
सगळं ऐकून घेतलं त्यानं.
म्हणाला, अक्का, असले मेसेज आम्ही पाठवत नाही.
तुमचा पण नाही, त्यांचा पण नाही.
पण सुई खाली ठेवा. आधी ठेवा.
मग विचारलं, घरात काय काय आहे?
मी म्हटलं, रेशीम. सूत. बावीस साड्या.
पलीकडं क्षणभर काहीच नाही.
बाहेर न्या, म्हणाला. उघड्यावर, फरशीवर.
चार्जिंग नको, दाबायचं नको, पोरं जवळ नकोत.

परातीत वाळू घेतली, निंगव्वाच्या बांधकामातली.
वर तो फोन, लांब हातानं,
जसं पेटलेलं काही नेतात.
पेटलेलं काहीच नव्हतं.
दोन दिवस अंगणात परात, आणि आम्ही
तिला वळसा घालून नळाला जायचो.
काही झालं नाही.
तिसऱ्या दिवशी वैजनाथ दुकानात देऊन आला.
एवढीच गोष्ट.

रात्री मी लिहायला बसले.
मराठीतलं नका पण शेपटीलाच असतं,
हे पहिल्यांदा ध्यानात आलं.
कापलं कुणी तर टोचू एवढंच उरायचं.
म्हणून पुढं घातलं, आणि मागं पण:
नका. फुगलेली बॅटरी टोचू नका. नका.
खाली तारीख. खाली माझं नाव, गल्ली, फोन नंबर.
विचारायचं असेल तर विचारा.

बंब नाही घातला.

दिरांनी अंगठा दाखवला.
सकाळी त्यांचाच पहिला मेसेज आला,
तोच जुना, बंबासकट,
आणि आता जोडलेले हात पाच.

मी सुईत दोरा ओवला.
परत फोन केला, ह्या वेळी दिरांना.